गेलेल्यांच्या तोंडी नवी वाक्ये

एप्रिल २०२५मध्ये नाशिकला शिवसेनेच्या ठाकरे गटाचे शिबिर भरले होते. तिथे बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातले एक भाषण ऐकवण्यात आले. बाळासाहेब १७ नोव्हेंबर २०१२ रोजी गेले, पक्ष जून २०२२मध्ये फुटला, आणि भाषण होते ते या सगळ्यानंतरच्या राजकारणावर. आवाज यंत्राने घडवला होता. त्याआधी जानेवारी २०२४मध्ये तमिळनाडूत, २०१८ साली निवर्तलेले एम. करुणानिधी असेच पडद्यावर आले आणि आपल्या मुलाच्या, म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांच्या, कारभाराची वाखाणणी करून गेले. अशा गोष्टींवर चार दिवस चर्चा होते, बाजूचे टाळ्या वाजवतात, विरोधक नाके मुरडतात आणि विषय मागे पडतो. मला मात्र हा विषय पक्षांच्या हातून काढून घरात आणावासा वाटतो, कारण तो घराच्या उंबरठ्यापर्यंत आलाच आहे. ॲमेझॉन कंपनीने जून २०२२मध्येच एका प्रात्यक्षिकात लहान मुलाला त्याच्या दिवंगत आजीच्या आवाजात गोष्ट वाचून दाखवली होती. माणसाचे मोबाइलमधले संदेश, आवाजाचे तुकडे, लग्नाकार्यातले व्हिडिओ यंत्राला पुरवायचे, आणि मग त्या माणसाशी गप्पा मारायच्या, अशी सेवा देणाऱ्या कंपन्या आज अनेक देशांत आहेत. ज्या नाशिकमध्ये ते भाषण झाले, तिथल्याच रामकुंडावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात. अस्थी सोडून घरी परतलेल्या कुटुंबाने त्याच रात्री बापाशी मोबाइलवर बोलावे काय, हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही.

या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे, ते आधीच सांगतो. गेलेल्या माणसाचे जे बोलणे आपल्यापाशी आहे ते हवे तितके जपावे: पत्रे, फोटो, ध्वनिमुद्रणे, स्वयंपाकाच्या वहीतले हस्ताक्षर. पण जे तो कधी बोलला नाही, असे एकही वाक्य त्याच्या आवाजात, त्याच्या नावाने आणि त्याचे म्हणून घडवण्याचा अधिकार कुणाला नाही. मुलाला नाही, पक्षाला नाही, कंपनीला तर नाहीच. आणि मी पुढे म्हणणार आहे की त्या माणसाने जिवंतपणी परवानगी देऊन ठेवली असली तरीही नाही. यंत्राचे काम कसे चालते ते पाहिले की यामागची अडचण कळते. यंत्र शेकडो संदेशांतून त्या माणसाची लकब उचलते आणि पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब मांडत वाक्य जुळवते. वाक्य त्याच्यासारखे असते, पण ते बोलायचे असे कुणीच ठरवलेले नसते. जिवंत माणूस बोलतो तेव्हा बोललेले त्याला निस्तरावे लागते. माफी मागावी लागते, शब्द पाळावा लागतो, कधी गिळावा लागतो. यंत्रातल्या बापाला यातले काहीच करावे लागत नाही, आणि तरी त्याचे ऐकणारा मुलगा खराच असतो.

मृताशी कसे वागावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आणि फार बारकाईने झालेला आहे, आणि तो ग्रंथांपेक्षाही घाटावर जास्त स्पष्ट दिसतो. दहाव्याचा दिवस घ्या. नदीकाठी भाताचा पिंड ठेवलेला असतो, माणसे दहा पावले मागे सरून उभी राहतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळे समोरच्या झाडावर असतात, पण खाली उतरत नाहीत. वेळ जातो. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडते आणि मोठ्याने म्हणते, ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ.’ तरी कावळा येत नाही. दुसरा म्हणतो, ‘आईला अंतर देणार नाही.’ तिसरा म्हणतो, ‘भावाभावांत जमिनीवरून वाद होऊ देणार नाही.’ शेवटी कावळा शिवतो, किंवा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि लोक उठतात. पिंडात किंवा कावळ्यात काही आहे असे मानण्याची इथे गरज नाही. प्रसंगाची बांधणी मात्र पाहण्यासारखी आहे. गेलेला माणूस एक अक्षर बोलत नाही. त्याच्या गप्प राहण्यामुळे जिवंतांना अंदाज बांधावा लागतो, त्याचे काय राहिले असेल हे आठवावे लागते, आणि गावादेखत शब्द द्यावा लागतो. जो बोलतो त्याच्यावर जबाबदारी येते आणि बोलतात ते जिवंत. उद्या त्याच घाटावर मोबाइलमधून बापाच्याच आवाजात ‘मी समाधानी आहे, काळजी करू नका’ असे ऐकू आले, तर धाकटीच्या लग्नाचा शब्द कोण देणार? मृताचे मौन हे त्या विधीचे इंजिन आहे, आणि नवे तंत्र नेमके तेच काढून घेते.

बाराव्याच्या सपिंडीकरणात आणखी पुढची गोष्ट घडते. प्रेताच्या नावाचा पिंड लांबट वळतात, त्याचे तीन भाग करतात आणि ते बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळून टाकतात. त्यानंतर त्या माणसाला प्रेत म्हणायचे नाही. तो पितरांतला एक झाला. पुढे श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतात, वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांत. नवा माणूस आला की वरचा एक जण नावाच्या बाहेर जातो. चौथ्या पिढीपासून वरच्यांना पिंड नाही. पिंड वळताना हाताला जो लेप लागतो तो दर्भावर पुसतात, तेवढा त्यांचा वाटा. त्याच्याही पलीकडचे नुसते ‘पितर’. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात श्राद्धाचा जो प्रचंड विस्तार मांडला आहे तो वाचताना मला या व्यवस्थेत एक विलक्षण समज जाणवते. स्मरणाला इथे उतरता क्रम लावून दिला आहे. आधी व्यक्ती, मग नाव, मग हाताला लागलेला लेप, मग काहीच नाही. विसरण्याला पाप मानलेले नाही, त्याला जागा करून दिली आहे. ज्या बापाचा आवाज दर महिन्याला पैसे भरून चालू ठेवता येतो, तो आजा कधी होणार? मुलाच्या मुलांनीही तो चालवत ठेवायचा, आणि त्यांच्याही मुलांनी? आणि नाही चालवला, तर खाते बंद करणारा तो पणतू आपण पणजोबांना पुन्हा मारले, असे ओझे वाहत जगेल काय?

यावर पहिला आक्षेप सुधारणावादी वाचकाचा असेल, आणि तो मी मनापासून ऐकतो. श्राद्ध हे पुरोहितांनी पोटासाठी उभे केलेले थोतांड आहे, असे चार्वाकांनी फार पूर्वी म्हटले. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला तोही धर्मकार्यातून मध्यस्थ दूर करण्यासाठीच. मग ज्या विधीवर आपला विश्वास नाही त्याचा पुरावा का मानावा? शिवाय या विधींत जात आहे, मुलींना दूर ठेवणे आहे, कर्ज काढून घातलेली जेवणे आहेत. हे सगळे खरे आहे आणि त्या अंगांची तरफदारी करण्याची माझी अजिबात इच्छा नाही. पण कावळा परलोकातून येतो की शेजारच्या पिंपळावरून, याने माझ्या म्हणण्यात फरक पडत नाही. शेकडो वर्षे दुःखाने वेडीपिशी झालेली माणसे त्या घाटावर आली आणि तिथून घरी जाऊन पुन्हा शेतावर, कामावर लागली. त्यांना परत जगण्याकडे वळवण्यासाठी काय करावे लागते, याचा अनुभव त्या बांधणीत साठला आहे. आणि पुरोहिताच्या दक्षिणेवर ज्यांचा रोष आहे, त्यांनी तर या नव्या मध्यस्थाकडे अधिकच बारकाईने पाहिले पाहिजे. पुरोहिताचे काम तेराव्याला संपते. या नव्या मध्यस्थाची कमाई शोक किती लांबतो यावर ठरते.

गेलेल्यांना पुन्हा पाहण्याची ओढ आपल्या परंपरेला कळलीच नव्हती असे मात्र नाही. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात तिचीच कथा आहे. युद्ध होऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहतात, पांडव त्यांना भेटायला आले आहेत, आणि इतक्या वर्षांनीही गांधारीचे दुःख तसेच ओले आहे. तेव्हा व्यास सगळ्यांना गंगेच्या काठी नेतात. रात्र पडते आणि कुरुक्षेत्रावर पडलेले सगळे वीर पाण्यातून वर येतात: भीष्म, द्रोण, दुर्योधन आणि त्याचे भाऊ, कर्ण, अभिमन्यू, द्रौपदीचे पाच मुलगे. जन्मांध धृतराष्ट्राला दृष्टी मिळते आणि तो आपले मुलगे प्रथमच पाहतो. कर्ण आणि पांडव एकमेकांना भेटतात. वैर कुणाच्या मनात उरलेले नाही. ती एक रात्र सगळे एकत्र घालवतात आणि पहाट होताच आलेले सगळे निघून जातात. व्यासांच्या सामर्थ्याला आणखी एक रात्र अवघड होती असे दिसत नाही. त्यांनी एकच दिली. आणि त्यानंतर जे घडते त्यावर आपण फारसे बोलत नाही. ज्या विधवांना पतीबरोबर जायचे असेल त्यांनी जावे, असे व्यास म्हणतात, आणि त्या गंगेत उतरून देह सोडतात. कथा याला सद्गती म्हणते. मला ती ओळ वाचताना दरवेळी थरकाप होतो. गेलेल्याचे दर्शन जिवंताला त्याच्याकडे ओढते, हे सत्य कथाकाराला ठाऊक होते आणि त्याने ते झाकले नाही. व्यासांनी दिलेल्या एका रात्रीचीसुद्धा एवढी किंमत पडली.

फेब्रुवारी २०२०मध्ये दक्षिण कोरियातल्या एमबीसी या वाहिनीने एका आईची तिच्या मरण पावलेल्या लहान मुलीशी भेट घडवली, तेव्हा जगभरच्या लोकांना रडू आवरले नाही. डोळ्यांवर यंत्र लावलेली आई हवेत हात फिरवत मुलीचा गाल शोधत होती. त्या आईला दोष देणारा मी कोण? या प्रसंगाबद्दल मला कठोर होता येत नाही, आणि त्याचे कारण गंगेकाठच्या कथेतच आहे. ती भेट एकदाच झाली. तिला सुरुवात होती आणि शेवट होता, आजूबाजूला माणसे होती, आणि निरोप हाच तिचा हेतू होता. काही माणसांना असा निरोप आवश्यक असेल, एखाद्या जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो उपयोगीही ठरेल, हे मी नाकारत नाही. तरीही त्या मुलीच्या तोंडची वाक्ये कुणा प्रौढाने लिहिली होती, ही गोष्ट मला बोचते. आणि रोज रात्री उपलब्ध असणारी, ग्राहक सोडून जाऊ नये म्हणून आखलेली सेवा ही तर वेगळीच गोष्ट आहे. पहाट होऊ न देणे हाच तिचा धंदा आहे.

दुसरा आक्षेप जास्त बळकट आहे, आणि तो आपल्या वाङ्मयातूनच येतो. मृतांच्या तोंडी वाक्ये आपण नेहमीच घालत आलो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास बखर लिहिली, तीत शिवाजी महाराज बोलतात. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त माधवराव बोलतात, ‘श्रीमान योगी’त महाराज बोलतात, आणि मराठी घरांतल्या दोन पिढ्यांनी त्या संवादांवरच इतिहास मनात उभा केला. त्याहून पुढे जाऊन, ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा घालून विष्णुदास नाम्यासारख्या नंतरच्या कवींनी रचना केल्या आणि त्या नामदेवांच्या गाथेत मिसळून गेल्या. मग यंत्रावरच राग कशासाठी? कादंबरीचे उत्तर सोपे आहे. ‘स्वामी’च्या मुखपृष्ठावर देसाईंचे नाव आहे, माधवराव असे बोलले नसते, असे म्हणून मला देसाईंशी भांडता येते आणि इतिहास संशोधक तसे भांडलेही. यंत्राच्या वाक्यापाशी भांडायला कुणी सापडत नाही. नामदेवांच्या गाथेचे उत्तर मात्र सोपे नाही, आणि तिथे परंपरेने स्वतःच काय केले ते पाहावे लागते. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करताना तिच्यात भर पडत गेली, पाठ बिघडले. १५८४ साली एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवून तिची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावून ठेवले की यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये. एकनाथ स्वतः केवढे कवी! ज्ञानेश्वरांच्या शैलीत हजार ओव्या घालणे त्यांना सहज शक्य होते, आणि त्या खपल्याही असत्या. ज्याला ते सर्वांत चांगले जमले असते त्याच माणसाने ते करायचे नाही असे ठरवले. भागवतावर त्यांनी लिहिले ते स्वतःच्या नावाने, एका जनार्दनाच्या मुद्रेने. भक्तीचा याहून चांगला नमुना मला दाखवता येणार नाही. नामदेवांच्या गाथेतली सरमिसळ घडली हे खरेच. पण ती निवडून वेगळी करायला अभ्यासकांनी आयुष्ये घातली, यावरून तिला आपण काय मानतो हे कळते.

घरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण घरात एकच बाप नसतो. थोरल्याने पाहिलेला बाप कर्जात बुडालेला आणि तापट असतो, धाकटीने पाहिलेला निवृत्त आणि मऊ झालेला. आईने पाहिलेला माणूस दोघांनाही ठाऊक नसतो. गावाकडची जमीन विकायची वेळ येते, किंवा नातीने जातीबाहेर लग्न ठरवलेले असते, तेव्हा ‘दादा असते तर काय म्हणाले असते’ यावर घर बसते. थोरला म्हणतो, उभ्या जन्मात कबूल झाले नसते. धाकटी म्हणते, शेवटच्या वर्षांत ते किती बदलले होते ते तू पाहिलंस कुठे? या वादात तो माणूस सर्वांगांनी उभा राहतो, आणि अखेरचा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी जिवंतांनाच उचलावी लागते. इथे यंत्र आणून ठेवा. ज्याच्या मोबाइलमध्ये जास्त संदेश तो त्याचा बाप, जो पैसे भरतो त्याच्या बाजूने बोलणारा. नाशिकच्या शिबिरात जे एका पक्षाने केले ते इथे एक भाऊ करील. दोन्ही गट बाळासाहेबांच्या विचारांचा वारसा सांगतात. एका गटाने त्यांना बोलते केले, उद्या दुसराही करू शकतो, आणि दोन्ही भाषणे सारखीच हुबेहूब असतील. शिवाय ज्या आजीला लिहिता येत नव्हते, जिने कधी मोबाइल धरला नाही, तिचे यंत्र कशापासून घडणार? घरातल्या बोलक्या, शिकलेल्या, बहुधा पुरुष माणसांनाच हे नवे अमरत्व मिळेल. तर्पणाला मी या बाबतीत अधिक उदार मानतो, कारण तिथे निपुत्रिक गेलेल्यांसाठीही पाणी सोडतात आणि भीष्माष्टमीला सगळ्यांनीच भीष्माला तर्पण करावे असे सांगितले आहे.

आता संमतीबद्दल. संगीतकार ए. आर. रहमान यांनी २०२४मध्ये एका तमिळ गाण्यासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने वापरले, कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला. गाण्यातले शब्द गायकाचे मत आहे असे कुणी समजत नाही, म्हणून त्या प्रकाराचा मला तेवढा त्रास होत नाही. संभाषणाची गोष्ट निराळी. एखाद्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले की माझ्या मागे माझे यंत्र करा आणि नातवंडांशी बोलू द्या, तर? माणूस आपली मालमत्ता देऊ शकतो, देह दान करू शकतो, पन्नास पत्रे लिहून ठेवू शकतो. पण जी परिस्थिती त्याने पाहिलेली नाही तिच्यावर, जे वाक्य त्याच्या मनात उमटलेले नाही त्याला, तो आगाऊ संमती कशी देणार? तो कोऱ्या कागदावर सही करील एवढेच, आणि कोऱ्या कागदावरची सही आपण व्यवहारातसुद्धा मानत नाही. कायदा इथे तोकडा पडतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात म्हटले की व्यक्तिमत्त्वाचे असे हक्क माणसाबरोबर संपतात, वारसांकडे जात नाहीत. मात्र भारतीय न्याय संहितेचे ३५६वे कलम मृताचीही बदनामी होऊ शकते असे मानते. म्हणजे मृताबद्दल खोटे बोलणे गुन्हा ठरू शकतो. मृतालाच खोटे बोलायला लावणे याविषयी मात्र कायदा अजून नीट बोलत नाही.

अनात्मवादी असलेला बौद्ध विचार वेगळ्या वाटेने जाऊन याच ठिकाणी पोचतो, म्हणून मला त्याचा फार आधार वाटतो. महापरिनिब्बान सुत्तात शेवटच्या दिवसांत आनंद व्याकूळ झालेला आहे, आणि बुद्ध त्याला सांगतात की माझ्या मागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते. वारस त्यांनी नेमला नाही. शिष्यांनी जे ऐकले होते ते जमवायचे, पाठ करायचे, त्यावर वाद करायचा, आणि पुढचे आपले आपण ठरवायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ला गेले, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ पुढच्या वर्षी छापून आला, आणि महाराष्ट्र शासन १९७९पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडशः काढत आले आहे. ‘आज बाबासाहेब असते तर’ हा प्रश्न दर डिसेंबरात चैत्यभूमीवर आणि वर्षभर सगळीकडे विचारला जातो. त्याचे उत्तर हवे असेल तर ते खंड उघडावे लागतात, एकाच विषयावर १९३६मध्ये आणि १९४९मध्ये ते काय म्हणाले ते शेजारी ठेवावे लागते, आणि मग स्वतःच्या नावाने बोलावे लागते. त्यांच्या आवाजात प्रत्येक प्रश्नाला तत्काळ उत्तर देणारे यंत्र निघाले तर पहिला बळी त्या खंडांच्या वाचनाचा जाईल. आणि ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या सोयीचे बाबासाहेब बोलू लागतील.

कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’. आपापल्या काळात लोकांपुढे उभ्या राहिलेल्या शंकांचा निकाल लावणे हे या ग्रंथांचे काम होते. या शंकेचा निकाल कुणी तरी लावायला हवा: तीर्थोपाध्यायांनी, कीर्तनकारांनी, भिक्खूंनी, विवेकवादी संघटनांनी आपापल्या भाषेत, आणि संसदेने कायद्याच्या भाषेत. माझ्यापुरते त्यातले तीन नियम मी सुचवीन. मृताच्या नावाने यंत्राने घडवलेले कोणतेही भाषण निवडणुकीच्या आणि पक्षाच्या व्यासपीठावर सरसकट बंद असावे, मग पक्ष कोणताही असो. शोकातल्या माणसाला असा आवाज विकणाऱ्या सेवेला मासिक वर्गणी घेता येऊ नये. उपचार म्हणून ती वापरायची असेल तर तिची मुदत आधी ठरलेली असावी. आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या पश्चात आपल्या माहितीबाबतचे हक्क वापरण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची जी सोय दिली आहे, तिच्यात ‘माझा आवाज बोलता करू नये’ असे लिहून ठेवण्याची जागा असावी, आणि कुणी काहीच लिहिले नसेल तर त्याचा अर्थ नकार असाच धरावा.